एकोणीस संग्रहालयांचे कोष्टक

स्वस्ति. श्रीमन्मृत्तिकाशास्त्रविशारद, प्रक्षालनपात्र-शौचकूप-गुणनियंत्रण-धुरंधर, शारजा-रास-अल-खैमा-महामार्ग-नित्ययात्रिक, अल नहदास्थित मनोऱ्याच्या अकराव्या मजल्यावरील द्विशयनकक्षाधिपती, वातानुकूलनाच्या रिमोटचे एकमेव परंतु नाममात्र धारक, कमलिनीकांत, पर्णिकाजनक, राजमान्य राजश्री जगन्नाथपंत सबनीस (वय चौपन्न, रक्तदाब गोळीने नियंत्रित) यांच्या सिसिलीदिग्विजयाची ही दैनंदिनी आज आरंभिली जात आहे. इतिहासाने नोंद घ्यावी. इतिहास व्यग्र असल्यास निदान घरातल्यांनी घ्यावी.

६ सप्टेंबर, शनिवार

येत्या चौदा डिसेंबरला आमच्या विवाहास पंचवीस वर्षे पूर्ण होतात. तन्निमित्त सिसिली या भूमध्यसागरी, सूर्यस्नात द्वीपावर सपत्नीक स्वारी करण्याचा संकल्प आज भोजनोत्तर जाहीर केला.

सिसिलीच का, हे भावी वाचकांसाठी नमूद करतो. कमलिनी पुण्यात चित्रकला शिकलेली आहे. विवाहानंतर शारजेस आल्यापासून तिने रांगोळी आणि पर्णिकेचे शालेय प्रकल्प यांव्यतिरिक्त काही रंगविल्याचे स्मरत नाही. मात्र एका जुन्या दिनदर्शिकेतून कापलेले एक चित्र तिने आमच्या चारही घरांत फ्रिजच्या वरच्या भिंतीवर लावले आहे. निळा पदर डोक्यावरून घेतलेली एक तरुणी, पुढे उघडे पुस्तक. बाकी काही नाही. मूळ चित्र पालेर्मो नगरीत पालाझ्झो अबातेलिस नामक संग्रहालयात असते. ते एकदा समोरून पाहावे, असे ती २००३ साली म्हणाली होती. मी तत्परतेने बावीस वर्षांत कार्यवाही केली.

तिकिटेही काढली. दोघांची मिळून चार हजार सहाशे दिरहम, म्हणजे एक लाख दहा हजार रुपये. सवलतीची असल्याने परत न होणारी. पर्णिकेने बारावीच्या परीक्षेचे कारण सांगून अंग काढून घेतले. कमलिनी उठून फ्रिजचा माथा पुसू लागली. आनंद व्यक्त करण्याच्या तिच्या पद्धती मला आजतागायत समजलेल्या नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

कोष्टक सिद्ध झाले. नऊ दिवस, एकोणीस संग्रहालये. पालेर्मोतील पुरावस्तू, सिराक्यूजमधील ग्रीक मूर्ती, आग्रिजेंतो येथील साडेसात मीटर उंचीचा पाषाणपुरुष, चेफालू येथील मंदस्मित करणाऱ्या अनामिक गृहस्थाचे तैलचित्र. काल्ताजिरोने या गावी मृत्तिकाकलेचे स्वतंत्र संग्रहालय आहे. व्यवसायबंधुत्वाच्या नात्याने तेथे दोन तास राखून ठेवले. निळ्या पदरवाल्या बाईंना पस्तीस मिनिटे दिली आहेत. एका चित्रास, ज्यात कोणी काही करीतही नाही, हा वेळ उदारच म्हणावा लागेल.

१३ सप्टेंबर, शनिवार

संग्रहालय पाहणे हा शारीरिक श्रमाचा विषय असून पूर्वाभ्यासावाचून त्यात उतरणे आत्मघातकी ठरते. सबब आज सहकुटुंब शारजा कलासंग्रहालयात रंगीत तालीम घेतली. हाती स्टॉपवॉच, खांद्यावर पाण्याची बाटली, प्रतिदालन सात मिनिटे.

पर्णिकेने समग्र संग्रहालय अकरा मिनिटांत निकालात काढले आणि प्रवेशद्वारी जाऊन फोनमध्ये समाधी लावली. कमलिनी पहिल्याच दालनात, खाडीतल्या नौकांच्या एका चित्रापुढे अडकली. मी तीनदा शीळ वाजविली. बाविसाव्या मिनिटाला रक्षकाने तिच्यासाठी खुर्ची आणली. मी बावीस वर्षे या अमिरातीत कर भरतो (भरत नाही, पण भरला असता), मला कोणी कधी स्टूलही दिले नाही.

परतताना तालमीतील त्रुटी मी क्रमवार सांगितल्या. पाण्याचा रंग काळा होता, एवढेच तिने उत्तर दिले. पाण्याचा रंग काळा असल्यास नगरपालिकेकडे तक्रार करावी, असे मी सुचविले. विनोद वाया गेला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आजची नोंद जड अंतःकरणाने करतो. कोष्टक पर्णिकेच्या हाती पडले.

"बाबा, युरोपमध्ये म्युझियम्स मंडेला बंद असतात. तुम्ही मंडेला पाच ठेवलीत. अँड व्हाय इज फ्रायडे मॉर्निंग ब्लँक?"

शुक्रवारी दुपारी नमाज असते, संग्रहालये थेट सायंकाळी चार वाजता उघडतात, हे शारजेतील शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, असे मी गरजलो. यावर तिने फोनवर तेथील एका संग्रहालयाचे वेळापत्रक उघडून माझ्यासमोर धरले. सिसिलीत शुक्रवार हा इतर वारांसारखाच एक वार असतो हे सत्य हळूहळू माझ्या ध्यानी आले. इतकी वर्षे एकाच पंचांगावर काढली की जगभर तेच लागू आहे असे वाटू लागते. कोष्टक पुनश्च हरिःॐ. काल्ताजिरोनेचा एक तास गेला. पदरवाल्या बाईंची मिनिटे अठ्ठावीसवर आली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, विजयादशमी

सीमोल्लंघनाच्या दिवशी आमचे सीमोल्लंघन एका कागदापायी अडले आहे.

युरोपच्या व्हिसासाठी मालकाचे ना-हरकत पत्र लागते: हा मनुष्य आमच्याकडे नोकरीस आहे, रजेवर जात आहे, परत येऊन पुन्हा येथेच कष्टणार आहे. आमचा कारखाना रास अल खैमा येथे फरशा आणि वॉशबेसिने बनवितो. तो नामोल्लेख करण्याइतका मोठा नाही, परंतु एक पत्र टंकलिखित करण्याइतका निश्चित आहे. एचआरमधील मोहिद्दीन हा सज्जन, कासरगोडचा, गेली बारा वर्षे माझे सर्व कागद एका दिवसात करून देणारा. त्याला या पत्रासाठी तीन आठवड्यांत सातव्यांदा भेटलो. प्रत्येक वेळी "सर, इन्शाल्ला मंडे" असे म्हणतो आणि माझ्याऐवजी छपाईयंत्राकडे पाहतो. आज तर त्याने मला चहा पाजला आणि शिल्लक रजा यंदाच संपवून टाका, असा आपुलकीचा सल्ला दिला. माणसाला पत्र हवे असता त्याला रजा आणि चहा देणे यालाच बहुधा आधुनिक व्यवस्थापन म्हणतात.

एक बरे आहे. आमच्या रहिवासाची मुदत नोव्हेंबरअखेर संपते, पण वैद्यकीय तपासणीसाठी रांगेत उभे राहण्याचे बोलावणे यंदा अजून आलेले नाही. ईश्वर एका हाताने घेतो, दुसऱ्याने देतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कार्यालयात नीरव नामक अडतीस वर्षांचा नवा अभियंता माझ्या शेजारी बसविण्यात आला आहे. माझी सर्व तपासणीपत्रके, भट्टीच्या तापमानाच्या नोंदी, पुरवठादारांची नावे त्याला शिकवावीत असा वरिष्ठांचा आदेश आहे. एकवीस वर्षांनी का होईना, व्यवस्थापनाला माझ्यातील आचार्य दिसला. नीरव मन लावून टिपणे घेतो आणि माझ्या नजरेला नजर देत नाही. गुरूपुढे शिष्याने असेच असावे.

इकडे गृहप्रांती कमलिनीचे वर्तन गूढ होत चालले आहे. मंगळवारी आणि बुधवारी सकाळी ती स्टार्चची साडी नेसून बाहेर पडते. रोल्लाच्या बाजारात कापड बघायला जाते म्हणते. दोन आठवडे कापड बघून एक वारही आणलेले नाही. काल तिच्या पदराला निळ्या पोस्टर कलरचा ठिपका होता. रोल्लाच्या वस्त्रव्यापाऱ्यांनी नवीन काहीतरी सुरू केलेले दिसते.

व्हिसाच्या अर्जांवर आज तीस-बत्तीस सह्या केल्या. त्यांतच कमलिनीने एका शाळेच्या शीर्षकाचा कागदही सरकविला. पर्णिकेच्या सहलीचा असावा. न वाचता, झोकदार सही ठोकली. ना-हरकत देणे किती सोपे असते हे मोहिद्दीनने येऊन पाहावे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पत्र मिळाले. आणि काय मिळाले म्हणावे. त्यात लिहिले आहे की श्री. सबनीस हे दि. ३० नोव्हेंबरपर्यंत आमच्या सेवेत आहेत.

आम्ही जाणार अकरा डिसेंबरला. एवढ्या साध्या पत्रात एवढा ढळढळीत लिपिकदोष. हे पत्र वकिलातीपुढे ठेवले तर ते मला बेकार समजतील. उद्या प्रथम कार्य हेच. तारीख बदलून घेतल्याविना मोहिद्दीनच्या टेबलापासून हलणार नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मोहिद्दीनने दार लावून घेतले. म्हणाला, "सर, मिस्टेक नहीं है."

गुणनियंत्रण आता नीरव पाहील.

परतीच्या रस्त्यावर एक उंट-इशारा फलक आहे. एकवीस वर्षांत तेथे एकही उंट पाहिला नाही. आज गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो होतो. तरीही आला नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

घरी सांगितलेले नाही. सणाच्या तोंडावर अमंगल बोलू नये. कोष्टकात किरकोळ सुधारणा केल्या. सिराक्यूजचे संग्रहालय दुपारऐवजी सकाळी.

१९ ऑक्टोबर, रविवार

कमलिनी करंज्या करीत होती. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि प्रदीर्घ प्रस्तावनेस प्रारंभ केला: जागतिक मृत्तिकाव्यवसायातील मंदी, नव्या भट्ट्यांचे तंत्रज्ञान, तरुणांना संधी देण्याची आवश्यकता. कातण्याने करंजीची कड कापता कापता तिने मध्येच विचारले, शेवटचा दिवस तीस तारीख ना.

मोहिद्दीनने फोन केला होता काय, असे मी विचारले.

"नाही केला, म्हणूनच कळलं," ती म्हणाली. "दर दोन वर्षांनी ऑगस्टच्या शेवटी त्याचा फोन येतो, मेडिकलची तारीख घ्या म्हणून. बारा वर्षांत एकदाही चुकलेला नाही. या वेळी आला नाही. पाच सप्टेंबरपर्यंत वाट बघितली, आणि शाळेत अर्ज टाकला."

पाच सप्टेंबर. म्हणजे मी दिग्विजय घोषित केला त्याच्या आदल्या दिवशी. मग तिकिटे काढू का दिलीस, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. तिने आपणहून एवढेच सांगितले की तुम्ही इतके खुशीत होता.

मुवैला भागातील एका शाळेत ती गेल्या महिन्यापासून चित्रकला शिकविते आहे. आधी आठवड्यातून दोन दिवस, आता पूर्णवेळ. शाळा तिला स्वतंत्र व्हिसा देते आहे. पर्णिका तिच्या व्हिसावर जाईल, म्हणजे बारावी येथेच होईल. पुढेमागे मीही जाईन. यासाठी पतीची संमती शाळेने मागितली होती आणि ती मी नऊ ऑक्टोबरला झोकदारपणे दिलेली आहे.

मी रागावण्याचा प्रयत्न केला. राग नेमका कोणाचा यावा हे ठरेना. शेवटी करंजीत सारण कमी असल्याबद्दल रागावलो. तिने ती करंजी मलाच दिली. सारण पुरेसे होते.

८ नोव्हेंबर, शनिवार

सर्व राज्यव्यवहार उलटापालटा झाला आहे. कमलिनीच्या शाळेने तिचे ना-हरकत पत्र एका दिवसात दिले. एका दिवसात, शिक्क्यासह, नावाचे स्पेलिंगही बरोबर. माझ्याविषयी व्हिसा केंद्रातील मुलीने नम्रपणे सांगितले की रहिवास परतीनंतर तीन महिने शिल्लक हवा. माझा तर प्रस्थानापूर्वीच संपतो. दिग्विजयाचा सेनापती सीमेवरच उभा.

मी प्रवास रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. पर्णिकेने मान वर न करता विचारले, "व्हाय? आईचं तिकीट आहे ना?" पर्णिकेच्या तोंडून अखंड मराठी वाक्य क्वचितच निघते, ते नेमके माझ्याविरुद्ध निघावे.

मग मी ठरविले की कमलिनी एकटी जाणार असेल तर निदान सुसज्ज जावी. तिच्यासाठी एकोणीस संग्रहालयांचे कोष्टक नव्याने, बसच्या वेळांसह छापून दिले. तिने माझ्याच खिशातले पेन काढले आणि शांतपणे रेघा मारल्या. पाषाणपुरुष गेला. मंदस्मित गृहस्थ गेले. काल्ताजिरोने गेले, तेव्हा मी अस्फुट आवाज काढला. अबातेलिस तेवढे उरले.

"चार दिवस जाईन. शुक्रवार, शनिवार, रविवार बघीन. सोमवारी बंद असतं."

"तीन दिवस एकच चित्र?"

"हो."

"रोज तेच?"

"रोज तेच."

मी म्हणालो, अगं, एवढ्या लांब जाऊन माणूस एकच वस्तू कशी बघेल, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोक तिथे कुठे आहेत. मग पेन माझ्या खिशात परत लावून ती वह्या तपासायला बसली. तिसरीतल्या मुलांनी काढलेली खजुराची झाडे. बरीचशी झाडूसारखी होती. ती प्रत्येकाकडे फार वेळ पाहत होती.

३० नोव्हेंबर, रविवार

सेवासमाप्ती. शुक्रवारीच निरोप झाला होता. केक आणि स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्ह म्हणजे आमच्याच कारखान्याची फरशी, वर माझे नाव. डाव्या कोपऱ्यात केसाएवढी चीर होती. माझ्या हाताखालून ती कधीही पुढे गेली नसती. नीरवला दाखविली. त्याने टिपून घेतले. मग प्रथमच माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, मला जॉईन होताना कुणी सांगितलं नव्हतं." मी म्हटले, मलाही नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

कमलिनी गेली. विमानतळावर मी अंतिम सूचनांची अठरा कलमे वाचून दाखवीत होतो; सातव्यापाशी तिने मला थांबवून सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि आत निघून गेली. एकदाही वळून पाहिले नाही. पर्णिका म्हणते, "शी डिड, बाबा. तुम्ही पार्किंगचं तिकीट शोधत होतात." पर्णिकेच्या साक्षीवर विसंबावे की नाही याबाबत मी साशंक आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

सायंकाळी पाच वाजता पालेर्मोहून फोन आला. मी कागद-पेन घेऊन बसलो होतो: दालनांची संख्या, प्रकाशयोजना, प्रवेशशुल्क, उपाहारगृह. तिने यांपैकी कशाचेच उत्तर दिले नाही. म्हणाली, चित्र अगदी लहान आहे, घरातल्या ताटाएवढे. हात मात्र छापील चित्रात दिसतो तसा नाही. पुढे आलेला आहे.

"कुणीतरी बोलायला आलंय आणि ती म्हणतेय, थांब, एवढं पान होऊ दे." मग म्हणाली, "काल दोन तास उभी होते. आज तीन. कुणी मला काही मागितलं नाही हो."

संग्रहालयात कोण काय मागणार, असे मी म्हणालो. भिकारी तर फाटकाबाहेर असतात. ती हसली. फार वेळ हसली; मला माझा विनोद एवढा थोर वाटला नव्हता. हसता हसता तिचा आवाज जरा बदलला, तिकडे रेंजची अडचण असावी.

उद्या वहीत काही टिपून आणशील का, असे विचारले तर म्हणाली, पेन्सिल घेतली आहे. तिच्या सामानात पेन्सिल मी ठेवली नव्हती.

१४ डिसेंबर, रविवार

विवाहाचा रौप्यमहोत्सव. पर्णिकेने ऑम्लेट केले. मी ते अभ्यासपूर्ण मौनाने खाल्ले. सकाळी आठ वाजता कमलिनीचा संदेश आला: "पंचवीस." मी उत्तर दिले: "पंचवीस." एवढा संक्षेप मी आयुष्यात प्रथमच साधला.

उद्या अजमानला एका फरशीविक्रेत्याकडे मुलाखत आहे. रहिवासाची सवलत-मुदत चालू आहे. कमलिनी परत आली की शाळेचा माणूस माझे कागद तिच्या नावाखाली सादर करील. नोकरी मिळाली तर ठीक, न मिळाली तर मी पत्नीच्या छत्रछायेखालील सद्गृहस्थ म्हणून या देशात राहीन. ही पदवी आजवर अनेक पुरुषांनी भूषविली आहे. अधिकृतरीत्या फार थोड्यांनी.

मुलाखतीचा एकमेव पांढरा सदरा दुपारी धुलाईयंत्रात टाकला. यंत्र फिरले, थांबले, आणि तेव्हापासून दार उघडत नाही. काचेतून सदरा गढूळ पाण्यात पडलेला स्पष्ट दिसतो. लाल दिवा तीनदा लुकलुकतो, विसावतो, पुन्हा तीनदा लुकलुकतो. दार ओढले, यंत्राचा कान पिळला, प्लग काढून दहा मिनिटे थांबलो. पर्णिका म्हणाली, "जस्ट आस्क आई." फोन हातात घेतला होता. येथे दोन, म्हणजे पालेर्मोत अकरा. फोन खाली ठेवला. पर्णिकेला सांगितले की आईला आज काही विचारायचे नाही.

इमारतीचा रखवालदार जेवायला गेला आहे. दुरुस्तीवाला मंगळवारी येतो म्हणाला, इन्शाल्ला. यंत्राबरोबरची माहितीपुस्तिका सापडली, परंतु तिची एकूण चौसष्ट पाने अरबी आणि कोरियन भाषांत आहेत, आणि तीनदा लुकलुकणाऱ्या दिव्याविषयीचे पान कोणीतरी फाडून त्यावर दुधाचा हिशेब लिहिला आहे.